बोगद्यात भित्तिचित्र काढताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यात गावाचा इतिहास रंगवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत इंजिनाच्या रंगावरून वाद रंगतो. भिंतीला हात लावून मात्र कुणी बघत नाही.

जुन्या बोगद्यांचं बांधकाम बऱ्याचदा चुन्यातलं असतं. मागची ओल विटांतून, त्यांच्यामधल्या सांध्यांतून बाहेर येते आणि हवेत उडून जाते. त्यावर ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ कोट फासला की पाणी अडतं आणि क्षार रंगाखाली साठतात. एका ठिकाणी तर चित्रावर ओघळ नकोत म्हणून निचऱ्याची भोकंच सिमेंटने बुजवली! नको म्हटलं, तर उत्तर काय, ‘उद्घाटन जवळ आलंय.’ पावसाळा सरता सरता रंगवलेल्या गँगमनच्या गालावर फोड आले. नखाने टोचलं तर रंगासकट विटेचा पापुद्रा निघून आला, मागे पांढरी भुकटी. मग कुणी उत्साही पाइप घेऊन आला. अहो, हा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, पाण्याने धुतला की विरघळून परत विटेत जिरतो. तो कोरड्या ब्रशनेच झाडायचा.

माझी सवय सांगतो. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दुसऱ्या दिवशी बघायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल आतून येतेय. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ गार भिंतीवर धरतेय. दोन्हीचा इलाज वेगळा. भोकं मोकळी ठेवा, सांधे चुन्यानेच भरा आणि सिलिकेट रंग वापरा. जर्मनीत काइम नावाच्या संशोधकाने त्याचं पेटंट १८७८ साली घेतलं. हा रंग दगड-विटेशी रासायनिकरीत्या बांधला जातो, वाफ अडवत नाही. जुन्या ऑइलपेंटवर मात्र तो धरत नाही. तिथे खरवडायला पर्याय नाही. ‘वरून प्रायमर मारू’ म्हणणाऱ्यांना मी सरळ चहा आणायला पाठवतो.

काजळीवर थेट रंग नको. स्प्रे मारणार असाल तर रंगातल्या सॉल्व्हंटची (द्रावकाची) वाफ अडवणारा मास्क आणि पंखे हवेतच; धुळीचा कापडी मास्क काही कामाचा नाही. कमानीवर चौकडी आखलीत तरी चालत्या माणसाच्या नजरेतून तपासा, नाहीतर स्टेशनमास्तरचं कपाळ छतभर पसरतं.

वाफेच्या काळातच बंद झालेल्या मार्गावर डिझेल इंजिन काढू नका. जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना लोक उद्घाटनालाच बोलावतात. त्यांना कच्चं रेखाटन आधी दाखवा. गाडी आली की कामगार ज्यात शिरायचे ते कोनाडे आणि भिंतीवरचे मूळ आकडे झाकू नका.

आणि रंग बाहेर उन्हात मिसळून आणू नका. कायम राहणारे दिवे आधी बसवा, त्यांच्याच उजेडात मिसळा.