यकृताचा ऑटोइम्यून आजार: अँटिबॉडीचा रिपोर्ट कसा वाचावा

ऑटोइम्यून आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते. आधी हिपॅटायटिस बी, सी आणि औषधांमुळे झालेली इजा वगळा. मग एएनए, एसएमए, एलकेएम-१, एएमए (या शरीराच्या स्वतःच्याच घटकांविरुद्धच्या अँटिबॉडी) आणि एकूण आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) मागवा. रिपोर्टमध्ये टायटर (रक्त किती पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसते, तो आकडा; १:४० म्हणजे चाळीस पट) हवाच; नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पुरत नाही.

उंदराच्या ऊतींवरच्या तपासणीत प्रौढांसाठी १:४० पासून निकाल अर्थपूर्ण धरतात. मुलांत एएनए-एसएमए १:२०, एलकेएम-१ तर १:१० सुद्धा. सर्वांत जास्त गफलत इथेच होते: हेप-२ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) तपासलं, तर निरोगी माणसातही १:४० एएनए सर्रास सापडतो. म्हणून पद्धत कोणती, हे लॅबला विचाराच.

एएमए १:४० किंवा जास्त आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तात मोजलं जाणारं एक एन्झाइम) सतत वाढलेलं असेल, तर प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस (यकृतातल्या पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार). बायोप्सी बहुधा लागत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसला (यात हल्ला यकृताच्या पेशींवर होतो) मात्र लागते. सगळं निगेटिव्ह आलं तरी संशय असेल, तर एसएलए ही आणखी एक अँटिबॉडी तपासा. ती ऊतींवर दिसत नाही. त्यासाठी एलायझा किंवा ब्लॉट या वेगळ्या लॅब-पद्धतीच हव्यात.