महिला हँडबॉल लीगमधील पहिल्या हंगामासाठी संघ व्यवस्थापकाची तयारीची यादी

राष्ट्रीय पातळीवरील सर्वोच्च महिला हँडबॉल लीगमध्ये ज्या संघाला नव्याने प्रवेश मिळाला आहे, त्याच्या व्यवस्थापकाने यादी करायला बसताना पहिल्या ओळीवर चेंडू किंवा गणवेश लिहू नये. तिथे गुडघा लिहावा, असे माझे ठाम मत आहे. गुडघ्यातील ज्या लिगामेंटला, म्हणजे हाडे जोडणाऱ्या पट्ट्याला, सगळे एसीएल म्हणतात, ते या खेळात बहुतेक वेळा कोणाचा जोरदार धक्का न लागता तुटते. झुकांडी देताना पाय रोवून खेळाडू एकदम दिशा बदलते किंवा उडी मारून फेक केल्यावर एकाच पायावर उतरते आणि त्या क्षणी तिचा अख्खा हंगाम संपतो. नॉर्वेत वरच्या तीन श्रेणींतील महिला संघांवर याविषयी सलग तीन हंगाम अभ्यास झाला. सर्वोच्च श्रेणीत 1998-99 च्या हंगामात अशा 13 दुखापती नोंदल्या गेल्या होत्या. तोल सांभाळण्याचे आणि उतरण्याचे खास व्यायाम सुरू केल्यानंतरच्या दोन हंगामांत त्या अनुक्रमे 6 आणि 5 झाल्या, आणि ज्यांनी हे व्यायाम खरोखर पूर्ण केले त्यांच्यात फरक अधिक ठळक होता. म्हणून हंगामापूर्वीचे पाच ते सात आठवडे दर आठवड्याला तीनदा, प्रत्येक वेळी साधारण 15 मिनिटे, आणि पुढे हंगामभर आठवड्यातून किमान एकदा, हा वेळ सरावाच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावा, कारण उरलेल्या वेळात करू म्हटलेली गोष्ट या खेळात होत नाही. व्यायाम जोडीने करून घ्यावेत: एकीने उडी मारून उतरावे आणि दुसरीने समोर उभे राहून तिचा गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आतल्या बाजूला कलतो, एवढेच पाहावे. आत कलला तर लगेच सांगावे आणि उडी पुन्हा मारायला लावावी.

मैदानाची मापे सर्वांना पाठ असली, तरी पहिल्या घरच्या सामन्यापूर्वी फीत घेऊन ती एकदा तपासावीत. 40 बाय 20 मीटरचे क्रीडांगण, बाजूच्या रेषांबाहेर किमान 1 मीटर आणि गोलरेषांच्या मागे किमान 2 मीटर मोकळी जागा, 3 मीटर रुंद व 2 मीटर उंच गोल, या बाबी सभागृहात एकदाच बसवलेल्या असतात. गोलचे खांब जमिनीला किंवा भिंतीला पक्के जखडलेले आहेत का, हे मात्र दर वेळी हाताने हलवून पाहावे.

खरा त्रास रेझिनचा, म्हणजे चेंडूवर पकड राहावी म्हणून हातांना लावल्या जाणाऱ्या चिकट पदार्थाचा, होतो. तासभर सराव झाला की चेंडूवर काळपट बोटांचे ठसे उमटतात, 9 मीटरच्या तुटक रेषेजवळ बुटांचे तळ फरशीला चिकटून चरचर आवाज करू लागतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच बॅडमिंटन खेळायला आलेली मंडळी तक्रार करतात. त्यामुळे सभागृहाच्या व्यवस्थापनाकडून रेझिनची परवानगी आणि फरशी साफ करण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. परवानगी मिळणार नसेल, तर ते खेळाडूंना काही आठवडे आधी कळले पाहिजे, कारण रेझिनच्या सवयीने एका हातात पकडला जाणारा चेंडू कोरड्या हातातून निसटतो. रेझिन लावून खेळताना चेंडू 54 ते 56 सेंटिमीटर घेराचा आणि 325 ते 375 ग्रॅम वजनाचा, म्हणजे 2 क्रमांकाचाच असावा, आणि सराव शक्यतो सामन्यात वापरल्या जाणाऱ्या बनावटीच्या चेंडूनेच करावा.

गणवेशात गोंधळ हमखास होतो तो गोलरक्षकांच्या रंगावरून. गोलरक्षकाचा रंग आपल्या खेळाडूंपेक्षा, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आणि त्यांच्या गोलरक्षकापेक्षाही वेगळा लागतो, तर आपल्या सर्व गोलरक्षकांचा रंग एकच असावा लागतो. म्हणून त्यांच्यासाठी निदान तीन रंगांचे संच तयार ठेवावेत. रक्त लागलेल्या शर्टात खेळता येत नाही, त्यामुळे प्रत्येक क्रमांकाचा दुसरा शर्ट पिशवीत असावा. शॉर्ट्सचा रंग ठरवताना मात्र खेळाडूंचे मत विचारावे. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्ट्समध्ये साठ मिनिटे खेळण्याची धास्ती अनेक जणी मनात ठेवून मैदानात उतरतात, आणि प्रायोजकाला आवडणाऱ्या रंगापेक्षा ही धास्ती घालवणे मला कितीतरी महत्त्वाचे वाटते. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड बर्फाच्या पिशव्यांइतकेच न चुकता असावेत, आणि ते कोणाला मागावे लागू नयेत अशा जागी ठेवावेत.

शेवटी बाकावरील कामे नावानिशी वाटून द्यावीत. संघाला पूर्ण सामन्यात तीन टाइम-आउट मिळतात, एका सत्रात जास्तीत जास्त दोन आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकच. त्यामुळे टाइम-आउट मागण्यासाठीची हिरवी कार्डे कोणाच्या हातात राहतील आणि त्यांचा हिशेब कोण ठेवील, हे आधी ठरलेले असावे. पंचाने निष्क्रिय खेळाचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता चेंडू नुसता ताब्यात ठेवण्याचा, इशारा म्हणून हात वर केल्यावर आक्रमक संघाला जास्तीत जास्त चार पास मिळतात. हे पास बाकावरून मोठ्याने मोजण्याची सवय सरावातच लावावी. मैदानावर उपचार घेतलेल्या खेळाडूला, नियमातील मोजके अपवाद वगळता, बाहेर यावे लागते आणि आपल्या संघाची तीन आक्रमणे पूर्ण होईपर्यंत परतता येत नाही. ती त्याआधी आत गेली, तर दोन मिनिटांची शिक्षा होते. अशा वेळी प्रशिक्षकाचे लक्ष खेळात असते आणि फिजिओचे दुखापतीत, म्हणून ही तीन आक्रमणे मोजण्यासाठी तिसरी व्यक्ती नेमावी आणि बदलीच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या खेळाडूने तिने खूण केल्याशिवाय पाऊल आत टाकू नये, हे दोघींकडून सराव सामन्यात प्रत्यक्ष करून घ्यावे.