आत्मपरीक्षण करताना या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आदल्या रात्री भांडी घासून झाली की मी बायबल घेऊन बसायचे, "प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर" एवढं म्हणायचे आणि दिवा मालवायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि यालाच मी आत्मपरीक्षण समजत होते. आज मंडळीतल्या बायका मला विचारतात, "रोज प्रार्थना करते, तरी मन हलकं का होत नाही?" तेव्हा मी आधी स्वतःच्या चुका सांगते. बहुतेकींच्या त्याच असतात.

मोघम कबुली

सगळ्यात मोठी चूक हीच. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्यांवरून धाकट्या जावेशी माझं बोलणं बंद झालं, ते चार वर्षं. त्या चार वर्षांत मी एकही प्रभुभोजन चुकवलं नाही. एकदा घरच्या प्रार्थनेत मी मोठ्याने "आमचे सर्व अपराध" असं म्हटलं. नंतर चहा देताना एका वयस्कर मावशींनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "कशाची क्षमा मागतेस गं?" मी म्हटलं, "सगळ्याचीच." त्या म्हणाल्या, "त्यातलं एक सांग."

मला एकही सांगता आलं नाही.

त्या रात्री कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन्सिल घेऊन बसले. आधी "पाटल्या" असं लिहिलं आणि खोडलं, कारण पाटल्यांबद्दल माझीच बाजू खरी होती असं मला आजही वाटतं. बराच वेळ कागद कोराच होता. मग जे आलं त्याने माझे हात गार पडले. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात जावेने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असं मी तीन नातेवाईक बायकांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. रात्रीची जागरणं तिनेच काढली होती, बेडपॅनही तिनेच उचललं होतं. मी ज्या भांडणाचा हिशेब करत होते ते भांडण वेगळंच होतं, आणि माझं पाप त्याच्या आडोशाला सुखरूप बसलं होतं.

म्हणून "मी रागीट आहे", "माझा विश्वास कमी पडतो" अशी वाक्यं कागदावर आली तर तिथे थांबू नका. कुणाला, केव्हा, काय बोलले, कुठले पैसे, कुठला निरोप मुद्दाम दिला नाही, इतकं नेमकं लिहा. बायबलमधला जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहून "मी वाईट आहे" असं म्हणाला नाही. कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो, असं तो म्हणाला.

दुसऱ्याच्या पापावर मन तापवणं

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एका श्रीमंताची गोष्ट सांगितली. त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून पाहुण्यासाठी कापली होती. दावीद संतापला. अशा माणसाने चौपट भरपाई द्यावी, तो मरणालाच पात्र आहे, असं म्हणाला. ज्याने आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली होती आणि उरीयाला लढाईत पुढे करून मारवलं होतं, तोच हे बोलत होता. मधे महिने उलटले होते, मूलही जन्माला आलं होतं. त्याची न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त ती स्वतःकडे वळत नव्हती.

कुसळ आणि मुसळ आपल्याला तोंडपाठ आहे, तरी ऐन वेळी आठवत नाही. माझा अनुभव असा, की एखाद्याच्या एखाद्या गोष्टीचा गरजेपेक्षा जास्त राग येऊ लागला की त्याच जागी आपलं काही दडलंय का ते पाहावं. जाऊ "खोटारडी आहे" हा माझा तेव्हाचा लाडका शब्द होता.

सेवा चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजणं

संडे स्कूल, गायनवृंद, वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी. हे सगळं चांगलंच आहे, पण हे मनाचं प्रमाणपत्र नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये शारदा सदन सुरू केलं. देशात-परदेशात त्यांचं नाव झालं होतं. तरी बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं झाल्यावर त्यांनी ओळखलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, स्वतः ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत उघड लिहिलं. एवढ्या कामाच्या मागे लपणं त्यांना किती सोपं होतं! त्या लपल्या नाहीत, म्हणून त्यांनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन पाहताना मला आधी त्यांचं हे धाडस आठवतं.

खणतच बसणं

ही उलट्या टोकाची चूक आहे आणि हळव्या मनाची माणसं तिच्यात अडकतात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करायचा, बाहेर पडला की राहिलेलं काही आठवायचं आणि परत जायचा. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ यांनी त्याला स्वतःकडे बघणं सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगितलं.

हृदय सर्वांहून कपटी आहे, ते कोणाला कळणार, असं बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात 17 व्या अध्यायात आहे. पुढच्याच वचनात परमेश्वर म्हणतो की हृदय तपासणारा मी आहे. म्हणजे दिवा त्याने धरायचा असतो. 139 व्या स्तोत्राच्या शेवटी दावीदही "मी माझं मन तपासतो" असं म्हणत नाही. देवा, तू मला पारखून पाहा, अशी त्याची विनवणी आहे.

पवित्र आत्मा दाखवतो की नुसतीच दोषाची टोचणी लागली आहे, हे कसं ओळखायचं? आत्मा एका गोष्टीवर बोट ठेवतो आणि तिथून पुढची वाटही दाखवतो. टोचणी नुसती म्हणत राहते की तू कशाच्याच लायकीची नाहीस. येशूच्या शिष्यांपैकी पेत्राने त्याला ओळखत नाही असं म्हटलं, यहूदाने त्याला धरून दिलं, आणि दोघांनाही आपल्या कृत्याचा पस्तावा झाला होता. पेत्र रडला आणि पुन्हा प्रभूकडे आला. यहूदा त्याच्याकडे आला नाही. दोषाच्या भावनेने आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण उडालं असेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा, असंही समजू नका. मला त्या रात्री रडू आलं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहणं

"माझं मन शुद्ध नाही, या महिन्यात भाकर घेत नाही." हे नम्रपणाचं वाटतं. पण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं ते असं, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा खाण्यासाठी आहे. शिवाय तिथला प्रसंगही बघा. काहीजण आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल त्यांना शेजारी बसलेल्या भावाबहिणीशी आपण कसं वागतो ते तपासायला लावत होता.

पद्धत विचाराल तर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी सोळाव्या शतकात सांगितलेला क्रम मला उपयोगी पडला, मी कॅथलिक नसले तरी. आधी दिवसाबद्दल उपकारस्तुती, मग प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने आठवणं, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय. उपकारस्तुती पहिली असल्यामुळे आपण न्यायालयात नाही, बापाच्या घरात बसलो आहोत हे लक्षात राहतं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

कबुली देवापाशीच ठेवणं

वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा, असं प्रभूने सांगितलं. मला जायला अकरा दिवस लागले.

जाऊ ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कुणाकुणाला काय म्हटलं होतं ते नावांसकट. पाटल्यांचा विषय काढला नाही. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो. मग म्हणाली, "वहिनी, त्यांना कोण सांगणार?"

मी घरी येऊन तिघींना फोन केले. तिसरा सर्वांत जड गेला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता, आणि मग ती म्हणाली, "अगं, मी तर ते पुढे आणखी दोघींना सांगितलं."