ही-मॅनच्या सिनेमाला जाण्याआधी शंका कशा निवडाव्यात

मॅटेल कंपनीच्या ही-मॅन आणि मंडळींच्या खेळण्यांवर, म्हणजे 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'वर, 2026 चा सिनेमा जाहीर झाला, तसा आमच्या वयाच्या लोकांच्या पोटात गोळा आला. तो घेऊनच थेटरात गेलात तर तीन तास नुसती चरफड होईल. म्हणून तांदूळ निवडतात तशा शंका आधीच निवडून घ्या.

सुरुवात खेळण्यापासून करा, ट्रेलर नंतर. माझ्याकडे लिओ कंपनीने भारतात विकलेला स्केलेटर, म्हणजे ही-मॅनचा कवटीतोंड्या शत्रू, आहे. कमरेतून पिळून सोडला की आजही गर्रकन फिरून फटका मारतो. मांडीतलं रबर मात्र सैल पडलंय, त्यामुळे भिंतीला टेकवल्याशिवाय उभा राहत नाही. असं काहीतरी हातात धरून बसा आणि मनात येईल ती शंका कागदावर उतरवा. शिवीगाळ चालेल.

मग प्रत्येक शंकेपुढे लिहा, ही आली कुठून? खेळण्यातून, सोबतच्या छोट्या कॉमिकमधून, की दूरदर्शनवर पाहिलेल्या कार्टूनमधून? इथेच निम्मी यादी गळते. 1982 च्या पहिल्या कॉमिकमध्ये ही-मॅन रानटी टोळीतला योद्धा आहे, ही-मॅनचं एरवीचं रूप असलेल्या राजपुत्र अ‍ॅडमचा पत्ताच नाही. अ‍ॅडम नंतर आला आणि 1983 च्या फिल्मेशन कंपनीच्या कार्टूनने तो घरोघरी पोचवला. ही-मॅनचं वाहन असलेला वाघ, बॅटल कॅट, तर मॅटेलच्याच जुन्या 'बिग जिम' खेळण्यांतल्या वाघाचा साचा, हिरवा रंगवलेला. म्हणून तर तो इतका अवाढव्य! तेव्हा 'मूळ कथा बदलली' ही शंका सरळ खोडा. मूळ म्हणावं अशी एक कथा कधी नव्हतीच.

'हे सगळं खेळणी खपवायला चाललंय' हीसुद्धा खोडा. कार्टून काय समाजसेवा म्हणून काढलं होतं?

'कथा पृथ्वीवर आणून टाकतील' ही शंका मात्र ठेवा, तिच्याखाली दोन रेघा मारा. 1987 मध्ये कॅनन कंपनीने डॉल्फ लुंडग्रेनला ही-मॅन करून सिनेमा केला. पैशाची ओढाताण होती, म्हणून एटर्निया या ही-मॅनच्या ग्रहावरची मंडळी कॅलिफोर्नियातल्या एका गावात आणून सोडली. बॅटल कॅट गायब, अ‍ॅडम गायब. पैसे इतके संपले की शेवटची लढाई अंधारातच उरकली. आता नव्या कथेतही अ‍ॅडम लहानपणी पृथ्वीवर येऊन पडतो म्हणे! हे वाचून मी कपाळाला हात लावला. यावर उपाय असा: ट्रेलर आवाज बंद करून बघा. संगीत नसलं की डोळ्यांना खरं दिसतं. एटर्निया किती वेळ दिसतं, उजेडात दिसतं की धुरात, एवढंच पाहा.

पुढे दिग्दर्शकाचं आधीचं काम बघा. ट्रॅव्हिस नाइटने 2018 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स रोबोंचा 'बम्बलबी' केला. त्याच्या सुरुवातीला सायबरट्रॉन या त्यांच्या ग्रहावर जे रोबो लढतात, ते जुन्या खेळण्यांसारखे ठोकळेबाज दिसतात आणि कोण कुणाला मारतंय ते कळतं. ज्याने ती लढाई काढली त्याला थोडी उधारी द्यायला हरकत नाही.

खलनायकाचं वेगळं आहे. 1987 च्या त्या पडेल सिनेमात फ्रँक लँजेला स्केलेटर झाला होता. तोंडावर मेकअपचा थर, तरी अख्खा सिनेमा त्याने एकट्याने खाल्ला, कारण तो भूमिकेची टिंगल करत नव्हता. नवा स्केलेटर जॅरेड लेटो आहे. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय आणि ते तिकीट फाटेपर्यंत तसंच राहील.

एवढं झालं की कागदावर दोन-तीन शंका उरतात. तो खिशात घाला, मध्यंतरात उघडू नका, आणि शेजारी बसलेल्या पोराला 'आमच्या वेळी' असं काही सांगू नका. कार्टूनमधला उडता बुटका जादूगार ऑर्को असेल की नसेल, हे मी यादीत घेतलंच नाही. तो मला कधीच आवडला नव्हता.