नव्या पाळकांनो, डिसेंबरात रात्री परत निघू नका

सेमिनरीतून बाहेर पडलेल्या पाळकाला ग्रीक येतं, थोडंफार हिब्रू येतं, प्रभुभोजनाचा विधी पाठ असतो. डिसेंबर मात्र येत नाही. नागपुरातल्या एका चर्चची मंडळी आणि तिला जोडलेली चार खेडी ज्याच्या वाट्याला येतात, त्याचा पहिल्याच नाताळात घामटा निघतो, तोही थंडीत. माझा अजून निघतो.

नाताळाआधीचा आगमनकाळ, कॅरल, संडे स्कूलचं नाटक, ३१ च्या मध्यरात्रीची वॉचनाइट उपासना हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर काही सांगत नाही. अडचण खेड्यांची आहे. २५ तारखेला पाळक एकाच वेदीपाशी उभा राहू शकतो. म्हणून काटोल-सावनेरकडच्या लहान मंडळ्या आपला नाताळ १० तारखेनंतर केव्हाही करून घेतात. प्रत्येकाला शनिवारच हवा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासाठी सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात एक झाल्या, पण शेजारच्या दोन गावांना एक तारीख मान्य होईल तर शपथ!

आता मुद्द्यावर येतो. निमंत्रणात वेळ सहाची असते. तुम्ही सहाला पोचता तेव्हा मंडपात लाइटवाला आणि दोन पोरं. बाया कापूस वेचून येणार, चूल पेटवणार, लेकरांना तयार करणार. साडेआठला सुरुवात होते. नाच, नाटुकलं, प्रत्येक पोराला बक्षीस, मग तुमचा संदेश. मग जेवण, आणि त्यात रोडगे असले तर घड्याळ खिशात घाला. गोवऱ्यांच्या आरात रोडगा आतपर्यंत भाजायला त्याचा वेळ घेतोच. मग राख झटकायची, फोडायचा, वर तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. ‘‘जेवल्याबिगर कसे जाता जी, पाळकसाहेब?’’ असं कोणी म्हटलं की तुम्ही बसताच. हात धुता तेव्हा पावणेबारा झालेले असतात, आणि तुम्ही हेल्मेट उचलता.

हे हेल्मेट उचलणं म्हणजेच तो सापळा. मीही त्यात पुरता अडकलो होतो, कारण तो सापळा वाटतच नाही. घरी बायको जागी असेल, सकाळी उपासना आहे, लेकरांना वेळ दिलेला नाही, असं मनात असतं. म्हणजे घराच्या ओढीनंच निघतो आपण. पण घराला काय मिळतं? रात्री दोनला कुडकुडत आलेला माणूस, ज्याची वाट बघण्यात त्यांची झोप गेली आणि जो सकाळी चहाच्या कपावरून चिडतो. आणि रस्ता? नाल्याजवळ, संत्र्याच्या बागांशी धुकं अंगावर येतं. कापसाने लादलेल्या बैलबंडीला मागे दिवा नसतो. रोही, म्हणजे नीलगाय, मधेच उडी मारतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा गारठ्यात बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत तेच कळत नाही.

आपल्या शहरात हे नवं नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून, वाटेत शाळा तपासून सोबत्यांच्या मागाहून एकटेच घोड्यावर निघाले आणि बोरीजवळ पुराच्या नाल्यात बुडाले. ऋतू पावसाचा होता, पण मागे राहून एकट्यानं गाठायला निघण्याची घाई ओळखीची आहे. त्यांच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना ठाऊक, नाला कोणाच्या लक्षात नाही.

ज्येष्ठ पाळकांना विचाराल तर ते म्हणतील, ‘‘आम्ही सायकलवर जायचो, प्रभू सांभाळतो.’’ सांभाळतो, मान्य. पण तेच ज्येष्ठ सायकलवर रात्री परत येत नसत, गावातच झोपत, हे ते सांगायला विसरतात. बायबलमधला प्रेषितांची कृत्ये २७ हा अध्याय पुन्हा वाचा. हिवाळा तोंडावर असताना पुढे जाऊ नका असं जहाजावर कैदी असलेल्या पौलानं सांगितलं, त्याला नेणाऱ्या रोमी शताधिपतीनं मात्र तांडेलाचं ऐकलं, जहाज फुटलं. मग माल्टा बेटावर नाइलाजानं तीन महिने मुक्काम पडला आणि तिथं किती आजारी बरे झाले, ते २८ व्या अध्यायात आहे. मुक्कामात सेवा होते. कार्यक्रमाच्या मंडपात लोक टाळ्या वाजवतात. शेकोटीपाशी, मंडळी पांगल्यावर, कोणीतरी हळूच सांगतं की भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद आहे, किंवा पोरीची शाळा सुटली आहे. पाळकाचं काम तिथून सुरू होतं, आणि तोवर तुम्ही चार गावं पुढे गेलेले असता.

म्हणून फोनवरच सांगा: ‘‘येतो, पण मुक्कामाला. सकाळी उजाडल्यावर निघेन.’’ लोकांना राग येत नाही, उलट आनंद होतो. भीती तुमच्याच मनातली आहे. सोबत मंडळीतला एक वडील (एल्डर) किंवा तरुण संघातला पोरगा न्या. शक्य झालं तर एका गावाला सगळं कुटुंबच न्या. माझ्या मुलांना नाताळातलं काय आठवतं विचारा, ते हुरड्याचंच सांगतील.

संदेशाचं म्हणाल तर सगळ्या गावांत एकच चालतो, लाज बाळगू नका. यूट्यूबवरून उचललेला मात्र नको. गावातल्या पोरांनी तो व्हिडिओ तुमच्याआधी पाहिलेला असतो.

घरासाठी डायरीत एक दिवस आधी लिहा, गावांच्या तारखा नंतर. बायकोला मंडळी ‘पाळकीणबाई’ म्हणते आणि तिनं गाणं बसवावं, महिला संघ चालवावा, केकचं मिश्रण बेकरीत नेऊन रांगेत उभंही राहावं असं धरून चालते. पगार तिला नाही. हे कमिटीसमोर बोलायला पहिल्या वर्षी जीभ अडखळते. तरी बोला, आणि नोव्हेंबरातच बोला. नाताळानंतर सासरी किंवा गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २७ डिसेंबरचं तिकीट ऑक्टोबरच्या अखेरीलाच काढायचं. मुंबईहून कोणी येणार असेल तर विधिमंडळाचं अधिवेशनही डिसेंबरातच असतं हे लक्षात ठेवा. गाड्या भरतात, सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांनी अडतात.

३० आणि ३१ तारखेला कोणत्याही गावाला हो म्हणू नका. वॉचनाइटला तुमची मंडळी मध्यरात्री तुमच्याकडे बघत असते, आणि तेव्हा आवाज बसलेला पाळक काही कामाचा नाही.