जुनी गाडी घेताना: आधी बोजा बघा, मग गाडी

रंग, किलोमीटर, सीटकव्हर हे सगळं नंतर. आधी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बोजा आहे का ते बघा, आणि टोकन देण्याआधी बघा. मागच्या खेपेला आम्ही इथे बडोद्यात बाकी सगळं ठोकूनबजावून घेतलं आणि नेमकं हेच बघायचं राहिलं. पाडव्याला गाडी दारात आली, पेढे वाटून झाले, आणि ती नावावर व्हायला दिवाळी उजाडली. म्हणून या यादीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

बोजा म्हणजे आधीच्या मालकाने गाडीवर कर्ज घेतलं होतं त्याची आरसीवरची नोंद. डीलरच्या तोंडी एचपी, म्हणजे हायपोथिकेशन. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं मुळीच धरून चालू नका. कर्ज फिटतं बँकेत, बोजा उतरतो आरटीओत. हप्ते संपले की बँक एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला देते, फॉर्म ३५ वर सही-शिक्का करून देते, आणि ते घेऊन मालकाने आरटीओत अर्ज करायचा असतो. कितीतरी लोक ते कागद कपाटात टाकून मोकळे होतात. एनओसी तीन महिन्यांच्या आतली लागते. शिळी झाली की नवी आणा, आणि ती बँक फक्त कर्जदाराला देते. तुम्हाला नाही, डीलरलाही नाही. शिवाय परिवहनच्या पोर्टलवरचा ओटीपी जातो तो आधीच्या मालकाच्या मोबाइलवर. आता बडोद्यात गाडी विकणारा बऱ्याचदा कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघालेला असतो. तो विमानात बसला, इथला नंबर बंद झाला, की तुमचं काम अडलंच. आमचं असंच अडलं होतं.

तेव्हा एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत, विमा आणि पीयूसी चालू आहे का, सगळं दिसतं. ते बघाच, पण नजर फायनान्सवर ठेवा. तिथे बँकेची नोंद असेल तर दुकानातच सांगा, "भाई, पहेलां एचपी कढावो, पछी वात करीए." बोजा उतरवणं आणि नाव बदलणं हे दोन्ही अर्ज एकत्र टाकता येतात, हे खरं आहे. पण त्यालाही बँकेचे कागद ताजे हवेत आणि मालक गावात हवा. नुसती एनओसीची झेरॉक्स दाखवली तर मान डोलवू नका.

डीलर निवडताना मोठा काचेचा शोरूम शोधू नका. आमचा अनुभव छोट्या दुकानाचाच चांगला आहे. दहाबारा गाड्या लावलेला, आपल्याच भागात राहणारा, विकलेल्या गाडीबद्दल पुढेही फोन उचलणारा माणूस. त्याच्याकडून गाडी घेतलेल्या दोन घरी विचारून या. मांडवी-रावपुऱ्यात अशी चौकशी चहाबरोबर होऊन जाते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतपत्र, म्हणजे फॉर्म २९-बी, घ्यावं लागतं, आणि मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो त्याची फॉर्म २९-सी ने नोंद होते. दोन्ही मागा. सरळ माणसाला या मागण्याचा राग येत नाही.

पण इथेच नीट लक्ष द्या. डीलर प्रामाणिक आहे म्हणून बोजा उतरलेला असतोच असं नाही. "लोन क्लिअर छे" असं तो मनापासून सांगतो, कारण मालकाने त्याला तसंच सांगितलेलं असतं. गाडीच्या इंजिनाबद्दल त्याच्या शब्दावर विसंबता येईल, कारण ते त्याने स्वतः पाहिलंय. बोजाबद्दल त्याचा शब्द ऐकीव असतो. कागद बँकेचा, ओटीपी मालकाचा, नोंद आरटीओची. यातलं काहीच त्याच्या हातात नाही. आमच्या डीलरने नंतर स्वतःच्या खिशाला खार लावून धावपळ केली, तरी महिने गेलेच. टोकनच्या पावतीवर लिहून घ्या: बोजा उतरल्याची नोंद दिसल्याशिवाय उरलेली रक्कम मिळणार नाही. चांगला डीलर लिहून देतो.

आता गाडी. बडोद्यात पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी फतेगंज, समा, अकोट्याच्या सोसायट्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या. धुतलेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा; रोज वापरात वरचा भागच बाहेर येतो, त्यामुळे धुणाराही तेवढाच धुतो. गुंडाळलेल्या टोकाला मातकट रेघ दिसली किंवा तिथून ओलसर वास आला, तर तिथूनच नमस्कार करा. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवा. सीट पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. बाकी गाडी चकचकीत आणि बोल्ट तेवढे गंजलेले, हे लक्षण वाईट. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. काचा लावून, एसी बंद ठेवून थोडा वेळ आत बसा. अत्तराचा घमघमाट असेल तर तो कशासाठी मारलाय ते विचारा. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून सर्व्हिसची नोंद काढून घ्या; २०२४च्या पावसाळ्यानंतर मोठं काम झालेलं असेल तर तिथे दिसतं, आणि किलोमीटर मागे फिरवले असतील तर तेही.

मिस्त्री आपला न्या, डीलरचा नाही. दुकानात आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसं बोलतं तेच ऐकायचं असतं. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेत. का, ते विचारा. टायरवर तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. चॅसी नंबर आरसीशी ताडून बघा.

चालवून बघायला सोसायटीला चक्कर मारून काय कळणार? गेंडा सर्कलवरून मनीषा चोकडीच्या फ्लायओव्हरवर चढवा, चढावर ओढ कळते. मग दांडिया बाजारात गर्दीच्या वेळी एसी लावून न्या, तिथे क्लच आणि इंजिनाचं तापणं कळतं.

सीएनजी गाडी असेल, आणि आपल्याकडे असतेच, तर आरसीवर सीएनजीची नोंद हवी. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद नसेल तर विम्याच्या वेळी भोगावं लागतं. टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी. प्लेटवरची तारीख वाचा. पेट्रोल आणि गॅस, दोन्हींवर चालवून बघा.

पुण्यामुंबईच्या नातेवाइकाची एमएच पासिंगची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वाली एनओसी लागते, वर इथला रोडटॅक्स. ही एनओसी वेगळी आणि बँकेची वेगळी. एक आहे म्हणून दुसरी आहे असं होत नाही. नातेवाईक असला तरी त्याच्या आरसीवरचा बोजा बघा. नात्यात तर विचारायचा संकोच होतो, म्हणून जास्तच बघा.

व्यवहाराच्या दिवशी मूळ आरसी, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, मालकाची ओळखपत्रं, ई-चलान थकलेलं नाही याची खात्री. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मालकाला प्रत्यक्ष भेटा किंवा व्हिडिओ कॉल लावा, आणि विचारा की नोंदणीतला मोबाइल नंबर अजून चालू आहे का. तो परदेशी निघाला असेल तर तारीख विचारा आणि त्याआधी दरजीपुऱ्याच्या आरटीओतलं काम उरकून घ्या. बोजा असलेल्या गाडीचा अपघात होऊन ती पूर्ण निकामी झाली, तर विम्याच्या रकमेवर पहिला हक्क आरसीवरच्या बँकेचा असतो. पैसे तुम्ही मोजलेत आणि दारात उभं राहायचं बँकेच्या. मुहूर्त टळला तर टळू दे.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. फरक भरावा लागेल, तो हिशेबात धरा.

बाकी नेहमीचंच. पैसे बँकेतूनच द्या, पावती पूर्ण रकमेची घ्या. दुसरी किल्ली मागा, नसेल तर किमतीतून वळती करा. जॅक, पाना बघा. नवी आरसी हातात आली की स्पेलिंग आणि फायनान्सचा रकाना तिथेच उभं राहून वाचा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला लावा आणि मगच आपला चिकटवा.