सीटखालचं इंजिन, खोल बसलेले प्लग : पाना हातात घेण्याआधीची तयारी

बोनेट उघडलं की समोर स्पार्क प्लग दिसतात अशा गाड्या वेगळ्या, आणि ओम्नी-ईकोसारख्या पुढच्या सीटखाली इंजिन असलेल्या गाड्या वेगळ्या. या दुसऱ्या प्रकारात प्लग फिरवायला फार वेळ लागत नाही, सगळा वेळ तिथवर हात पोचवण्यात जातो. नॅनोचं इंजिन मागे, काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा थेट प्लगच्या डोक्यावर, आणि आडव्या बसवलेल्या व्ही-सिक्स इंजिनात तर मागच्या बाजूचे तीन प्लग इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली. असे प्लग घरी बदलायचे तर सगळी तयारी आधी करावी लागते, कारण सीट निघाली, डबा खाली उतरला आणि मग कळलं की प्लग पाना एक नंबर मोठा आहे, तर त्याच गाडीने दुकानात जाता येत नाही. त्यात आपल्याला वेळ मिळतो रविवारी, आणि सांगलीत स्पेअर पार्टची बरीच दुकानं रविवारीच बंद असतात. म्हणून सामान शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात आलेलं असावं. आणि सोमवारी पहाटे पंढरपूरला निघायचं असेल तर त्या रविवारी हे काम काढूच नये.

सगळ्यात आधी दुखणं प्लगचंच आहे याची खात्री करा. गाडी मिस मारते, सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, पिकअप राहिलं नाही, ॲव्हरेज उतरलं, ही लक्षणं प्लगची असतात तशीच कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग), तुंबलेल्या एअर फिल्टरची आणि इंजेक्टरचीही असतात. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी०३०१, पी०३०२ अशा कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. एकाच सिलिंडरचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघता येते. कॉइलसोबत कोडही शेजारच्या सिलिंडरवर गेला तर दोष कॉइलचा, प्लग निर्दोष. हे आधी कळलं तर नवी कॉइलही त्याच खरेदीत येते आणि सीट दुसऱ्यांदा काढावी लागत नाही.

प्लग घेताना गाडीचं मॅन्युअल सोबत न्या, नाहीतर त्या पानाचा फोटो. “ईकोचे प्लग द्या” एवढं सांगून भागत नाही. मॉडेल वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं आणि कंपनीची सीएनजी गाडी असेल तर प्लगचा नंबरही वेगळा असू शकतो. सीएनजीवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे घासलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिस मारतो. दुकानदार दुसऱ्या कंपनीचा पर्याय देत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा), आणि बॉशच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. नुसता आकडा जुळवून घेतलेला प्लग उलटाच निघतो. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी -११ असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.१ मिलिमीटर.

साधा निकेलचा घ्यायचा की इरिडियमचा? निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. प्लग हाताशी असलेल्या गाडीला मी निकेलचेच घालीन. पण जिथे एका प्लगसाठी अर्धी केबिन उघडावी लागते, तिथे मॅन्युअलमध्ये इरिडियमचा नंबर दिलेला असेल तर जादा पैसे जरूर द्यावेत. नकली माल बाजारात आहे, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. घरी येऊन प्रत्येक प्लग डब्यातून काढून बघा: चिनीमाती तडकलेली नाही ना, आटे स्वच्छ आहेत ना, सगळ्यांचा नंबर एकच आहे ना. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्त्यांचं माप) गॅप तपासा. निकेलच्या प्लगची बाहेरची पट्टी हलक्या हाताने वाकवता येते; इरिडियमच्या मधल्या टोकाला मात्र पत्ती घासू नका, ते टोक बारीक आणि ठिसूळ असतं. प्लग खाली पडला तर तो बाजूला काढा, तडा बाहेरून दिसत नाही. एक प्लग जास्तीचा आणायला मी सांगतो तो याचसाठी.

आता अवजारं, आणि इथे घाई नको. प्लग पाना बहुधा १६ किंवा १४ नंबरचा लागतो, जुन्या गाड्यांना २०.८. नंबर बरोबर असूनही पाना उपयोगी पडत नाही असं होतं, कारण प्लगची विहीर, म्हणजे तो ज्या खोल भोकात बसतो ते, अरुंद असते आणि स्वस्त पान्याची भिंत जाड. तेव्हा पातळ भिंतीचा, आत रबर किंवा चुंबक असलेला पाना घ्या. अर्ध्या इंची रॅचेट (मागेपुढे हलवून पाना फिरवायचा दांडा) सीटखालच्या जागेत फिरतच नाही; थ्री-बाय-एटचं छोटं रॅचेट घ्या आणि त्याला एकाच लांब एक्स्टेन्शनऐवजी तीन इंची आणि सहा इंची असे दोन तुकडे. कारण काही ठिकाणी पूर्ण रॉड वरून आत जातच नाही, पत्रा आडवा येतो. आधी पाना आत सोडायचा, मग पहिला तुकडा, मग दुसरा. यूजे (वाकणारा सांधा) लागतोच, पण तो वरच्या टोकाला, विहिरीच्या बाहेर असावा. प्लगजवळ यूजे लावला की पाना तिरका होतो आणि चिनीमाती फुटते. आणखी एक: नवा प्लग बसवून रॉड वर ओढला की पान्यातलं रबर प्लगला धरून बसतं आणि रॉड एकटाच हातात येतो, पाना खालीच राहतो. त्यासाठी पाना आणि पहिला तुकडा यांच्या सांध्यावर चिकटपट्टीचे दोन घट्ट वेढे आधीच देऊन ठेवा.

पेट्रोल पाइपाचा हातभर तुकडा हवाच. प्लगच्या वरच्या टोकावर तो घट्ट बसवायचा आणि प्लग त्यानेच विहिरीत सोडून बोटांनी फिरवायचा. आटे सरळ लागले तर पाइप फिरत राहतो. वाकडे लागले तर पाइप टोकावर घसरतो आणि नुकसान होण्याआधीच कळतं. रॅचेटला एवढी जाण नसते. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. वाकड्या प्लगवर जोर दिला तर हेडचेच आटे जातात.

टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) शेजारच्या गॅरेजातून मागून आणा, पण चाकांच्या नटांचा मोठा नको; त्याचं माप जिथे सुरू होतं तिथे आपलं काम संपलेलं असतं. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, आणि १० मिलिमीटरला १० ते १२. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. रेंच मिळालाच नाही तर प्लगच्या डब्यावरचं चित्र कापून समोर चिकटवा. वॉशरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. फिरवताना वॉशर दबतो तो हाताला कळतो: आधी मऊ लागतं, मग एकदम कडक. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बुडाच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग पुरे. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका. एनजीकेसुद्धा नको म्हणते, कारण आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोरात प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबरी बुटात आतून चिमूटभर डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र चालतं.

जे उघडणार त्याचं पॅकिंगही आणून ठेवा. मॅनिफोल्ड काढायचा असेल तर त्याचं गॅस्केट, आणि विहिरीत ऑइल उतरत असल्याची शंका असेल तर टपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरीची सीलं. ऑइलमध्ये भिजलेल्या बुटाखाली नवा प्लग घालून काही मिळत नाही. एअर फिल्टर हातात आलेलाच असतो, तोही नवा ठेवा.

विहीर साफ करायची तयारी हा माझ्या लेखी या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्लग सैल झाला की विहिरीत जे काही आहे ते थेट सिलिंडरमध्ये जातं. आणि आपल्याकडे तिथे काय काय असतं! तासगाव-पलूसकडच्या कच्च्या रस्त्यांची धूळ, ऊसतोडीच्या दिवसांतला पाचटाचा चुरा. आमच्या गाडीच्या एका विहिरीत भुईमुगाच्या शेंगांची टरफलं निघाली, उंदराने गोळा केलेली. शेजारच्या कॉइलच्या वायरीवर त्याच्या दातांचे ठसे होते. जुनी गाडी घेतली असेल आणि ती २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात उभी होती की काय याची शंका असेल, तर विहिरीच्या तळाशी वाळलेला गाळ धरूनच चला. त्यासाठी हवा लागते. छोटा कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याला आधी विचारून ठेवा, नाहीतर सायकलच्या पंपाला बारीक नळी बसवा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा, घरातल्यांच्याही, कारण टॉर्च धरणारं कुणीतरी वाकून बघत असतंच. गाळ घट्ट असेल तर आधी लाकडी काडीने मोकळा करा, मग हवा मारा. पाणी ओतू नका.

जागा सावलीतली आणि सपाट, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. इंजिन पूर्ण गार हवं, आदल्या रात्रीपासून उभी असलेली गाडी उत्तम. सीटखालचं इंजिन कोंदट जागेत असतं, ते लवकर निवत नाही, आणि गरम हेडमधून प्लग काढणं म्हणजे आट्यांवर घाला. मार्चनंतर सांगलीत सकाळी सातला सुरुवात केली तरच अकराच्या आत आटोपतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायला १० नंबरचा पाना वेगळा ठेवा. कॉइलचे बोल्टही बऱ्याच गाड्यांत १० चेच असतात. सीएनजी असेल तर टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गॅसचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका. डोक्याला बांधायचा दिवा घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

बोल्टसाठी ताटल्या नकोत, पुठ्ठा घ्या. त्यावर इंजिनचं ओबडधोबड चित्र काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचा. कॉइल आणि तिच्या वायरीच्या सॉकेटवर कागदी चिकटपट्टी लावून नंबर लिहा. प्लगला वीज नेणाऱ्या हाय टेन्शन वायरी असतील तर एका वेळी एकच काढा; वायर धरून ओढू नका, बूट धरून आधी थोडा पिळा. प्रत्येक थराचा फोटो. मॅनिफोल्ड काढल्यावर उघड्या पडणाऱ्या तोंडांत कोंबायला स्वच्छ फडकी लागतील. ती मोजून घ्या आणि तो आकडा पुठ्ठ्यावर लिहा. बंद करताना तेवढी बाहेर आलीच पाहिजेत. जुन्या प्लगसाठी पुठ्ठ्याच्या कडेला नंबर टाकून जागा ठेवा, कारण त्यांचा रंग वाचायचा आहे: फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरा फोडाळलेला म्हणजे इंजिन जास्त तापतंय.

मग एक कोरडी तालीम करा. आदल्या दिवशी, इंजिन गार असताना, नुसतं सीट उचलून प्रत्येक प्लगपाशी हात नेऊन बघा. कुठला हात कुठून जातो, रॅचेटला किती फेरा मिळतो, कुठला बोल्ट दिसत नाही पण बोटांना लागतो. एखादा प्लग पत्र्याखाली नाहीतर पाइपांमागे दडलेला असतोच. तो पहिला घ्या, अंगात दम आणि बाहेर उजेड असताना.

आणि कुठे थांबायचं हे घरात बसूनच ठरवा. प्लग सुटत नसेल तर दांडा लांब करून जोर लावायचा नाही. बुडाशी जाम आटे सोडवणारं पातळ तेल सोडायचं, तासभर वाट बघायची, पाव फेरा सैल, परत थोडा आवळ, पुन्हा सैल. तरीही करकरतच येत असेल तर हात काढायचा. आटे गेले तर ते नव्याने बसवून देणारा कारागीर कोण, हे फिटरला आधी विचारून ठेवा. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला चौकशी केली तर माणूस सापडतो. घरातली दुसरी गाडी त्या दिवशी कुणाला देऊ नका, आणि फिटरला शनिवारीच फोन करून सांगा, “अण्णा, उद्या मी प्लग काढतोय, अडलो तर याल का?” तो आला की पहिले दोन प्रश्न विचारेल: इंजिन गार होतं का, आणि आतापर्यंत किती फेरे फिरवला. हे दोन्ही पुठ्ठ्यावर लिहिलेलं असू द्या.